न लिहिलेलं पान मागणारा पाहुणा

ऑपरेटरताईंना ग्रंथपाल पुष्कळ वर्षं ओळखत होता, असं कार्यालयातले लोक समजत. खरं सांगायचं तर तो त्यांचा आवाज ओळखत होता, बाकी काही नाही. त्यांचं गाव कुठलं, लग्न झालं होतं की मोडलं होतं, त्यांना कशाचं हसू येई, यातलं त्याला धड काहीच सांगता आलं नसतं. त्या गेल्याचं कळलं तेव्हा चार माणसं त्याच्याकडे बघू लागली, की आता हा काहीतरी बोलेल. एकच गोष्ट त्याला नीट माहीत होती, आणि ती तिथे सांगितली असती तर लोक म्हणाले असते, म्हातारा चळला.

कार्यालय पाणीपुरवठ्याचं. पुस्तकांची खोली वर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला. टेलिफोन एक्सचेंज तळघरात, जुन्या नळांच्या कोठाराला लागून. कुठे नळ फुटला, कुठे दोन दिवस टिपूस नाही, कुणाच्या पाण्याला वास येतो, असा साऱ्या शहराचा संताप आधी ताईंच्या कानात ओतला जाई आणि मग त्या तो ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवत. "बोला" एवढंच त्या म्हणत. पण ते असं म्हणत की भांडायला आलेला माणूस आधी घसा साफ करी.

तर एका दुपारी पुस्तकांच्या खोलीचं दार ढकलून एक ठेंगणीशी, चष्म्याला दोरी बांधलेली बाई आत आली आणि म्हणाली, "भाऊ, बसू का?"

ग्रंथपाल बघतच राहिला. आवाज रोजचा, ओळखीचा. चेहरा कधीच न पाहिलेला. कुणीतरी ताईंचा आवाज चोरून आणलाय, असं त्याला वाटलं.

"असे बघताय काय? मीच आहे. खाली असते ती."

"नाही, म्हणजे... बसा ना, ताई."

त्या बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. एक्सचेंज बंद होणार होतं. तक्रारी आता लोक संगणकावरून करणार. संगणक विभागात एक जागा निघाली होती, तीही फक्त आतल्या माणसांसाठी. एक चाचणी होती: तक्रार लिहून घेईल, साठवेल आणि उत्तर देईल अशी पानं बनवून दाखवायची.

"आणि नाही जमलं तर?"

"तर पंपघर. तिथे आणखी एक माणूस ठेवायचाय म्हणे."

पंपघर शहराच्या पार टोकाला, तळ्याच्या काठी. ग्रंथपाल म्हणाला, "हवा चांगली असेल तिथे."

"हवा चांगली आहे हो, पण आक्का इथे आहे ना." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिची नजर गेलेली, पाय गेलेले. घर कार्यालयाच्या मागच्या गल्लीत. दुपारच्या सुट्टीत ताई पळत जायच्या, तिला दोन घास भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि पळत यायच्या. "पंपघरावरून दुपारी कशी येऊ? ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहील. तेव्हा भाऊ, मला ते सर्व्हरच्या बाजूचं शिकायचंय. असं पुस्तक द्या की मला काही येत नाही हे त्याला आधीच ठाऊक असेल."

ग्रंथपालाला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. संगणकाची पुस्तकं तो जाडीवरून लावत असे. त्याने जाडजूड दोन खाली काढली.

"ही उशाला घ्यायची की वाचायची?" ताई म्हणाल्या. पण पुस्तक पारखायची त्यांची रीत मात्र पक्की होती. त्या मधलंच पान उघडत आणि बघत, लिहिणारा अजून आपल्याशी बोलतोय की आता स्वतःशीच पुटपुटायला लागलाय. एका पुस्तकात तिसऱ्याच पानावर 'हे वाचकाला माहीत असेलच' असं निघालं. "माहीत असतं तर जिने चढून आले असते का मी?" ते बाजूला. एकात नुसतीच विनोदी चित्रं. "हा शिकवत नाही, लाडीगोडी लावतोय." तेही बाजूला. एक बरं वाटलं, पण इतकं जुनं की त्यातल्या आज्ञा आताचं यंत्र पाळणार नाही, असं संगणक विभागातल्या कुणीतरी त्यांना बजावून ठेवलं होतं. अर्ध्या पुस्तकांत चूक झाल्यावर पडद्यावर काय दिसतं हे सांगितलेलंच नव्हतं. "भाऊ, चुकल्यावर काय होतं तेच सांगत नाही, त्याच्या हाती आपला हात कसा द्यायचा?"

शेवटी एक पातळ, राखाडी पुठ्ठ्याचं पुस्तक त्यांच्या मनास आलं. खोलीत त्याच्या दोन प्रती होत्या. त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट बांधायची होती: एका छोट्या लॉजची पाहुण्यांची पानं. आधी 'दार', मग 'आलेले', मग 'खोली', मग 'निरोप', आणि सगळ्यात शेवटी 'गेलेले'. एकेका धड्यात एकेक पान, आणि मधूनमधून काळ्या खिडकीतल्या सोयींचे धडे.

"लॉज काय, तक्रार काय," ताई म्हणाल्या. "माणूस येतो, काहीतरी सांगतो, आपण ऐकून घ्यायचं. हेच द्या."

त्यांना तळघरातच एक जुना संगणक मिळाला. फोन शांत असले की त्या पुस्तक मांडीवर घेऊन एका बोटाने टाईप करत. अधूनमधून ग्रंथपालाचा फोन वाजे. "भाऊ, दार उघडलं." किंवा, "भाऊ, एक कंस राहिला होता. एका कंसापायी सकाळ गेली." त्यांना सगळ्यात आवडली होती ती पडद्यावरची काळी खिडकी. प्रोग्राम सुरू केला की तिच्यात ओळ येई, 'ऐकतो आहे', आणि मग काहीच होत नसे. कुणी पान मागितलं तर त्या पानाचं नाव उमटे, नाहीतर नुसतं ऐकणं. "अगदी माझंच काम की हो हे," त्या म्हणाल्या होत्या.

एके दिवशी दुपारी फोन आला तो खालच्या पट्टीत. "भाऊ, आत्ता कुणीतरी येऊन गेलं."

"कुठे?"

"माझ्या सर्व्हरवर. मी हातसुद्धा लावला नव्हता. आक्काला भरवून आले, बसतेच आहे, तर खिडकीत ओळ. 'खोली' मागितली कुणीतरी."

"मग?"

"मग काय? मी 'खोली' बनवलीच नाहीये. सर्व्हरने सांगितलं, सापडलं नाही. पुन्हा मागितली. पुन्हा सांगितलं. मग गेलं."

ग्रंथपालाने समजूत काढायची म्हणून काहीतरी समजूत काढली. दुसऱ्या दिवशी ताईंनी पुढचा धडा उघडला, तर पहिलीच ओळ होती: आता आपण 'खोली' नावाचं पान तयार करू.

त्यांनी ते बनवलं. दुपारी खिडकीत ओळ आली. 'निरोप'.

'निरोप' हा त्याच्याही पुढचा धडा.

असं रोज होऊ लागलं. ताई जो धडा पुरा करत, त्याच्या पुढच्या धड्याचं पान कुणीतरी मागे. जणू कुणी त्यांच्या एक पाऊल पुढे चालत, पुढचं दार आधीच ठोठावत होतं. ताईंनी ही गोष्ट ग्रंथपालाखेरीज कुणाला सांगितली नाही. चाचणी तोंडावर आलेली, त्यात उमेदवार भुतंखेतं बघते असं साहेबांच्या कानावर गेलं की संपलंच.

मग एक दिवस ग्रंथपाल स्वतः खाली उतरला. तळघरात तो पूर्वी कधीच आला नव्हता. कोठारातल्या नळांमधून कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. ते नळ कशालाच जोडलेले नव्हते. ताईंनी त्याला स्टूल दिलं. दोघं काळ्या खिडकीकडे बघत बसले. ग्रंथपालाने विचारलं, "आक्का बऱ्या आहेत?"

"बरी आहे. तिला सांगितलं मी हे. म्हणाली, दार तू बांधलंस, आता कुणी ठोठावलं तर ओरडतेस कशाला?"

दोघं हसले, आणि ते हसू पुरं व्हायच्या आत ओळ उमटली. 'आलेले.' हे पान बनवलेलं होतं. त्यात पाहुण्याने नाव लिहायची जागा होती. ताईंनी ते उघडून बघितलं. नाव लिहिलेलं होतं: कुणी नाही.

ग्रंथपालाने स्टूल पडद्यापासून मागे सरकवलं.

"परवाही हेच होतं," ताई हळूच म्हणाल्या. "तेव्हा मी म्हटलं, चुकून झालं असेल." त्या पुन्हा बघायला वाकल्या. खाली आणखी एक नोंद येऊन पडली होती: हे कोण करतंय?

"ताई, पुस्तक बदलू या," ग्रंथपाल म्हणाला. "दुसरं देतो. त्यात दुकान बांधायचंय, सरळ साधं, वाणसामानाचं."

त्यांनी ऐकलं. चार दिवस त्यांनी दुकान बांधायचा प्रयत्न केला. पण पुस्तक बदललं म्हणून येणारा बदलला नाही. दुकानाच्या सर्व्हरवर लॉजची पानं मागितली जात. 'दार'. 'खोली'. 'आलेले'. सर्व्हर म्हणे, सापडलं नाही. पुन्हा 'दार'. पुन्हा 'दार'. ताई म्हणाल्या, ते त्यांना बघवत नव्हतं. एखाद्याचं राहतं घर रातोरात उचलून नेलं आणि तो जुन्या जागी चाचपडतोय, तसं वाटत होतं. त्या पुन्हा राखाडी पुस्तकाकडे वळल्या आणि लॉज जसं होतं तसं उघडून ठेवलं.

पुढच्याच धड्यात उलगडा होता. पान कोण मागतंय, त्याच्या यंत्राचा आकडाही खिडकीत कसा दाखवायचा, ते त्यात सांगितलं होतं. एका ओळीचं काम. ताईंनी ती ओळ घातली आणि वाट बघत बसल्या. आकडा आला. शेवटी होतं सत्तेचाळीस.

हा आकडा दुसऱ्या कुणाला काही बोलला नसता. पण या कार्यालयात संगणकांच्या वायरी ओढणाऱ्या वायरमनने स्वतःच्या सोयीसाठी एक युक्ती केली होती. ज्या टेबलावरच्या फोनचा जो नंबर, तोच तिथल्या संगणकाच्या पत्त्याच्या शेवटी. एक्सचेंजचा फोन दहा, म्हणून ताईंचा संगणक दहा. आणि सत्तेचाळीस ताईंना झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता.

पंपघर.

त्यांनी तिथली लाईन जोडली. घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. आणि घंटा वाजत असतानाच काळ्या खिडकीत, सत्तेचाळीसवरून, नवी ओळ आली: 'गेलेले'. ताईंनी झटकन फोन ठेवला आणि ग्रंथपालाला लावला.

"भाऊ, पंपघरात माणूस आहे, पण फोन उचलत नाही. आणि तो मला गेलेल्यांचं पान मागतोय."

हे ऐकता ऐकता ग्रंथपालाची नजर सहज फळीवर गेली. राखाडी पुस्तकाची दुसरी प्रत जागेवर नव्हती. नसणारच. ताईंनी पुस्तक नेलं त्याच आठवड्यात पंपघर सांभाळणाऱ्या पंपकाकांनी फोन करून एखादं सोपं पुस्तक मागितलं होतं, आणि त्याने ती प्रत टँकरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली होती. ती मागणीही ताईंच्याच बोर्डावरून आली होती. फोन जोडून देणं त्यांचं काम. आतलं बोलणं ऐकणं नव्हे.

संध्याकाळी ताई पुस्तक घेऊन वर आल्या. दोघांनी ते टेबलावर पसरलं. पत्ता टाकायला सांगितलेल्या पानावर पुस्तकाने लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्राचा पत्ता छापला होता. त्याच्या शेवटी होतं दहा. आणि 'तुमच्या यंत्राचा आकडा वेगळा असेल, तो इथे घाला' ही सूचना पान उलटल्यावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. ताईंचा आकडा नशिबाने दहाच, म्हणून त्यांचं बिनबोभाट चाललं. पंपकाकांनी पुस्तकात होतं तेच टाकलं, आणि ते रोज स्वतःचं दार समजून ताईंचं दार ठोठावत होते. त्यांना वेळच वेळ, म्हणून ते एक धडा पुढे. बनवलेलं पान त्यांना सापडत नसे, आणि दुसऱ्या दिवशी अचानक सापडे, ते त्यांनी न लिहिलेल्या शब्दांत. लॉजला खरे पाहुणे नव्हतेच, म्हणून नावाच्या जागी 'कुणी नाही'; आणि 'हे कोण करतंय?' हा त्यांचा खराच प्रश्न.

"म्हणजे इतके दिवस," ताई सावकाश म्हणाल्या, "भूत मी होते."

ग्रंथपाल सुटकेने हसला. पण लगेच त्याला आठवलं, त्या एका जागेसाठी पंपकाकांचाही अर्ज होता. साहेबांनी यादीच लावली होती, दोनच माणसं. पंपकाकांना तिथून सुटायचं होतं, ताईंना तिथे जायचं नव्हतं.

"ताई," तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "चाचणी होईपर्यंत गप्प राहा. आपण काही वाईट करत नाही. चूक त्यांची आहे."

"माझ्या बोर्डावर राँग नंबर लागला तर मी काय गप्प बसते, भाऊ?"

"इथे आक्कांचा प्रश्न आहे."

"आहेच." त्या थोडा वेळ पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिल्या. "पण तिकडे एकटा माणूस, आजूबाजूला पाणी, आणि त्याच्या यंत्रात कुणीतरी बसलंय असं त्याला वाटतंय. मी चार दिवस भ्याले तर माझी झोप उडाली. त्याचं काय झालं असेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'गेलेले' पान बनवलं आणि त्यावर पुस्तकातला मजकूर न घालता स्वतःचा घातला: 'काका, पत्त्याच्या शेवटी दहा आहे तिथे सत्तेचाळीस घाला. दहा म्हणजे मी, ऑपरेटर.' दुपारी पान मागितलं गेलं. बराच वेळ काही नाही. मग पाहुण्यांच्या नोंदीत आलं: 'आधी नाही सांगायचं? मी रामराम म्हणत बसत होतो. फोन वाजला तर वाटलं आता बोलायलाही लागलं.'

त्यानंतर खिडकी रिकामी. ताईंनी ग्रंथपालाला सांगितलं, की त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण आता ती रिकामी खिडकीच जास्त अंगावर येत होती.

चाचणीत दोघांचीही पानं चालली. साहेबांनी शेवटी आगाऊपणा म्हणून नसलेल्याच पानाचं नाव टाकलं. पंपकाकांचा प्रोग्राम आडवा झाला; त्यांच्या खऱ्या दाराशी कधी परकं माणूस आलंच नव्हतं. ताईंच्या पडद्यावर आलं: 'हे पान इथे नाही. थांबा, तुम्हाला काय हवं होतं?' खाली लिहायला जागा. साहेब म्हणाले, "हे पुस्तकात आहे?" ताई म्हणाल्या, "नाही. हे सवयीने आलं."

जागा त्यांना मिळाली. आक्काची दुपार वाचली. पंपकाका टँकरमध्ये बसून परत गेले. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत म्हणे. हे त्यांनी ग्रंथपालाला सांगितलं ते एकदाच.

आठवडा गेला असेल. संगणक विभागात त्यांचं नवं टेबल लागलं, जुना संगणक आणि दहा आकडा त्या हट्टाने बरोबर घेऊन गेल्या. एका दुपारी काळ्या खिडकीत ओळ: 'दार'. सत्तेचाळीसवरून. ताईंनी पाहुण्यांच्या नोंदीत लिहिलं, 'काका, पुन्हा आकडा चुकलात.' उत्तर आलं, 'चुकलो नाही. सत्तेचाळीसवरून कुणी उत्तर देत नाही.'

मग ते चालूच राहिलं. दुपारी एकदा 'दार' मागितलं जाई, ताई दोन शब्द लिहीत. पाणी किती वर आलंय, आक्का काय म्हणते, असलंच काहीतरी. पंपघरात ठेवायचा होता तो दुसरा माणूस कधी नेमलाच नाही. पंप आपोआप चालू लागले, काका निवृत्त होऊन पुतण्याकडे राहायला गेले. तरी दुपारी ओळ येतच होती. लिहिलेलं काही नसे, नुसतं 'दार'. ताई म्हणाल्या, यंत्र तसंच चालू सोडून गेले असतील, ते आपलं आपण मागतंय. ग्रंथपालालाही ते पटलं. त्या रोज उत्तर देत होत्या का, हे त्याने विचारलं नाही.

त्याच्या नोकरीचे शेवटचे दिवस होते. टँकरचा ड्रायव्हर पुस्तकांच्या खोलीत पाणी प्यायला आला असता बोलता बोलता म्हणाला, की पंपघर पाडायला घेतलंय. आतलं सामान केव्हाच उचललं, वीजही गेल्या महिन्यातच तोडली. दुपारची ओळ अजून येते, असं ताई परवाच म्हणाल्या होत्या. ग्रंथपालाने तो गेल्यावर फोन लावला. सांगावं की नाही हे ठरेपर्यंत पलीकडून आवाज आलासुद्धा.

"बोला, भाऊ."

"ताई, ते पंपघर पाडतायत म्हणे. वीज गेल्या महिन्यातच तोडली."

"हो का?"

मग पलीकडून एका बोटाने टाईप केल्याचा आवाज आला. सावकाश, थांबत थांबत, जसं कुणाला उत्तर लिहावं तसा. ग्रंथपाल फोन कानाला धरून उभा राहिला. काय विचारावं ते त्याला कळेना, आणि जे कळत होतं ते विचारायचा धीर होईना.

टाईप करणं थांबलं.

"हं, बोला. आणखी काही?"

"नाही. एवढंच. निघताय ना आता?"

"निघतेच आहे."

"छत्री घेऊन जा. आभाळ आलंय."

"आहे छत्री," ताई म्हणाल्या. "ठेवते हं, भाऊ."